वेदनेचा साक्षीदार कोण?

शस्त्रक्रिया म्हटली की आधी भूल, हे आपण इतके गृहीत धरले आहे की भूल नसलेल्या काळाची नीट कल्पनाही आपल्याला करता येत नाही. हा काळ फार जुना नाही. १८४६ सालापर्यंत युरोप-अमेरिकेतल्या कोणत्याही रुग्णालयात, कितीही पैसे मोजले तरी, खात्रीची भूल मिळत नव्हती. अफूचा अर्क, मद्याचा पेला, रुग्णाला धरून ठेवणारी चार-पाच दणकट माणसे आणि शल्यचिकित्सकाच्या हाताचा वेग, एवढ्यावरच सारे निभावून न्यावे लागे.

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया त्या काळातही होत असे. पोट किंवा छाती उघडण्याचे धाडस तेव्हा सहसा कोणी करत नव्हते. पण स्तनातील गाठ वरवर असते, हाताला लागते, त्यामुळे ती कापून काढण्याचे प्रयत्न फार पूर्वीपासून झाले. म्हणूनच वेदनेच्या आणि भुलीच्या इतिहासात ही शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा भेटते. जपानमध्ये हानाओका सेइशू या वैद्यांनी १८०४ साली धोतरा, बचनाग अशा वनस्पतींचे औषध पाजून एका वृद्ध स्त्रीला बेशुद्ध केले आणि तिच्या स्तनातील गाठ काढली. पण तेव्हा जपानची दारे बाहेरच्या जगाला जवळजवळ बंद होती. ही गोष्ट युरोपला कळलीच नाही.

त्यामुळे सात वर्षांनंतर, ३० सप्टेंबर १८११ रोजी, पॅरिसमध्ये राहणाऱ्या फॅनी बर्नी या इंग्रज कादंबरीकर्तीच्या नशिबी जुनीच पद्धत आली. नेपोलियनच्या सैन्याचे विख्यात शल्यचिकित्सक दोमिनिक-जाँ लारे यांनी तिच्या घरीच तिचा उजवा स्तन काढला. त्याआधी तिला मद्य घातलेले औषध पेलाभर मिळाले होते, बाकी काही नाही. तोंडावर टाकलेला रुमाल इतका तलम होता की त्यातून हत्यारांची चकाकी दिसत होती. सुमारे वीस मिनिटे हे चालले. या अनुभवाविषयी बहिणीला पत्र लिहायला तिला कित्येक महिने लागले आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धैर्य तिला झाले नाही. शस्त्रक्रियेनंतर ती २८ वर्षांहून अधिक काळ जगली. लारे यांचे नाव मात्र लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

मादाम प्लांताँ यांची झोप

१६ एप्रिल १८२९ रोजी पॅरिसच्या वैद्यक अकादमीच्या शस्त्रक्रिया विभागासमोर ज्यूल क्लोके यांनी एक वृत्तान्त सादर केला. क्लोके हे शरीररचनाशास्त्रातले नाव मिळवलेले, गंभीर वृत्तीचे डॉक्टर होते. त्यांची रुग्ण होती ६४ वर्षांची एक स्त्री, मादाम प्लांताँ. तिच्या उजव्या स्तनाला कर्करोग होता, त्यावर व्रण झाला होता आणि काखेतल्या गाठीही सुजल्या होत्या. शस्त्रक्रियेच्या नुसत्या विचाराने ती थरथरत असे. तिचे नेहमीचे डॉक्टर शापलाँ हे काही महिने तिच्यावर ‘चुंबकीय’ उपचार करत होते. शरीरावरून हात फिरवून ते तिला एका विशिष्ट झोपेत नेत. जागेपणी घाबरणारी ही बाई त्या झोपेत मात्र शस्त्रक्रियेविषयी शांतपणे बोलत असे.

१२ एप्रिलला सकाळी क्लोके आले तेव्हा ती खुर्चीत बसून या झोपेत होती. त्यांनी काखेपासून स्तनाभोवती दोन छेद घेतले, गाठ काढली, काखेतल्या गाठीही सोडवून काढल्या. दहा-बारा मिनिटे लागली. या सगळ्या वेळात ती डॉक्टरांशी बोलत होती. तिचे हातपाय हलले नाहीत. चेहरा, श्वास, आवाज किंवा नाडी यांत फरक पडला नाही. जखमेजवळची कातडी ओल्या स्पंजने पुसताना मात्र, गुदगुल्या करू नका, असे ती म्हणाली. दोन दिवसांनी तिला त्या झोपेतून जागे केले तेव्हा शस्त्रक्रिया झाल्याचे तिला ठाऊकच नव्हते.

अकादमीत यावर काय प्रतिक्रिया झाली? लारे सभेला होते. क्लोके यांच्यासारख्या माणसाने अशा थोतांडाला फसावे याचा त्यांनी खेद व्यक्त केला. ही बाई चुंबकवाल्यांना सामील असली पाहिजे, असा त्यांचा रोख होता. जखमी सैनिक हूं की चूं न करता हातपाय कापून घेतात, तेव्हा न ओरडणे हा काही पुरावा नव्हे, असाही मुद्दा निघाला. १८ वर्षांपूर्वी फॅनी बर्नीची किंकाळी ऐकलेले हेच लारे. एका स्त्रीची किंकाळी त्यांनी खरी मानली होती. दुसरीची शांतता मानायला ते तयार नव्हते.

मादाम प्लांताँ काही आपली बाजू मांडू शकल्या नाहीत. दोनएक आठवड्यांत फुफ्फुसाच्या आवरणाला सूज येऊन त्या वारल्या.

लारे यांना हटवादी ठरवून आपण पुढे जाऊ नये. त्यांची शंका अगदी निराधार नव्हती. घटना एकच होती, तुलनेला दुसरे काही नव्हते, आणि वेदना ही गोष्ट बाहेरून मोजता येत नाही. ताप तापमापकाने कळतो, नाडी बोटाला लागते. वेदना फक्त जिला होते तिलाच कळते. तिचे सांगणे हाच एकमेव पुरावा. मग त्या सांगण्यावर कितपत भरवसा ठेवायचा? पुढची पावणेदोनशे वर्षे हा वाद चालला तो मुख्यतः या प्रश्नाभोवती.

जर्दाळूचे झाड

अकादमीच्या अविश्वासाला एक जुने कारणही होते. शापलाँ वापरत होते ती पद्धत फ्रान्झ मेस्मर या डॉक्टरांपासून आलेली. सगळ्या विश्वात एक सूक्ष्म द्रव भरलेला आहे, त्याचा प्रवाह शरीरात अडला की रोग होतो आणि चिकित्सक आपल्या हाताने तो पुन्हा वाहता करू शकतो, असे मेस्मर यांचे म्हणणे होते. याला ते ‘प्राणिज चुंबकत्व’ म्हणत. १७८० च्या सुमारास पॅरिसमध्ये त्यांच्याकडे रीघ लागली होती.

१७८४ साली राजा सोळाव्या लुईने चौकशीसाठी एक समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसला आलेले बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. समितीने केलेले प्रयोग आजही वर्गात सांगावेत असे आहेत. मेस्मर यांचे शिष्य देस्लाँ यांनी फ्रँकलिनच्या बागेतल्या एका जर्दाळूच्या झाडात चुंबकत्व भरले. बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून बागेत आणले आणि एकेका झाडाला मिठी मारायला सांगितले. एकेका झाडागणिक त्याची अवस्था बिघडत गेली आणि चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. चुंबकत्व भरलेले झाड मात्र तिथून बरेच लांब होते! इतर रुग्णांवरही अशाच चाचण्या झाल्या. चुंबकत्व दिले आहे असे वाटले की, ते दिलेले नसतानाही, परिणाम होत; आणि नकळत दिले तर काहीच होत नसे. समितीचा निष्कर्ष स्पष्ट होता: द्रव नाही; जे घडते ते कल्पनेमुळे.

रुग्णाला अंधारात ठेवून केलेल्या चाचण्यांचे हे एक फार सुरुवातीचे आणि उत्तम उदाहरण आहे. पण समितीने ‘कल्पनेमुळे’ असे म्हणून फाइल बंद केली. देस्लाँ यांनी विचारलेला एक प्रश्न तसाच राहिला: कल्पनेने रुग्णाला बरे वाटत असेल, तर कल्पनेचाच उपचार का करू नये?

विज्ञानाच्या इतिहासात ही गफलत बऱ्याचदा दिसते. एखाद्या घटनेचे दिलेले कारण चुकीचे ठरले, की ती घटनाच घडली नाही असे मानले जाते. चुंबकीय द्रव नाही हे १७८४ मध्ये सिद्ध झाले होते. त्यावरून १८२९ मध्ये मादाम प्लांताँ खोटे बोलत होत्या हे मात्र सिद्ध होत नव्हते.

लंडन: शिसे, निकेल आणि एक पाय

इंग्लंडमध्ये याच नाटकाचा दुसरा अंक झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले वैद्यकाचे प्राध्यापक जॉन एलियटसन मेस्मर-पद्धतीच्या नादी लागले. निकेल हा धातू चुंबकीय प्रभाव वाहून नेतो, शिसे नेत नाही, असा त्यांचा दावा होता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाचे संपादक थॉमस वॅकली यांनी ऑगस्ट १८३८ मध्ये आपल्या घरी तो तपासला. एलियटसन यांच्या रुग्ण मुलीला शिसे लावले, पण ते निकेल आहे असे तिच्या कानावर पडेल अशी व्यवस्था केली. तिला लगेच झटके आले. वॅकली यांनी सारा प्रकार लबाडीचा ठरवला. कॉलेजने मेस्मर-पद्धतीला बंदी केली आणि वर्षअखेरीस एलियटसन यांनी राजीनामा दिला.

प्रयोग चोख होता. त्यातून द्रवाच्या कल्पनेचा पुन्हा एकदा निकाल लागला. पण नुसत्या एका शब्दाने एका मुलीच्या शरीरात एवढी खळबळ होते, ही गोष्ट वॅकली यांना तपासण्याजोगी वाटली नाही.

१८४२ साली नॉटिंगहॅमशायरमध्ये जेम्स वॉम्बेल नावाच्या मजुराचा पाय मेस्मर-निद्रेत मांडीपासून कापला गेला. तो कण्हला, पण हलला नाही. आणि आपल्याला वेदना जाणवली नाही असे त्याने सांगितले. लंडनच्या वैद्यकीय सभेत हा वृत्तान्त वाचला तेव्हा त्याला वेदना न दाखवण्याची तालीम दिली असावी, असे काही सभासद म्हणाले. प्रतिक्षिप्त क्रियांचे अभ्यासक मार्शल हॉल यांनी वेगळीच हरकत घेतली. खरोखर संवेदना नसती तर दुसरा पाय आपोआप आखडला असता. तो स्थिर राहिला याचा अर्थ माणूस ढोंग करत होता! म्हणजे पाय हलला असता तर वेदना झाली असे ठरले असते, आणि हलला नाही म्हणून लबाडी ठरली. कोणत्याही निरीक्षणाने जी शंका फिटू शकत नाही, तिला शास्त्रीय शंका म्हणता येईल का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा.

हुगळीचे रुग्णालय

या इतिहासातला पुढचा टप्पा आपल्या देशात घडला. जेम्स एस्डेल हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले स्कॉटिश डॉक्टर बंगालमध्ये हुगळीला होते. त्यांनी मेस्मर-पद्धतीविषयी फक्त वाचले होते. ४ एप्रिल १८४५ रोजी तुरुंगाच्या दवाखान्यात अंडवृद्धीच्या वेदनेने तळमळणाऱ्या एका कैद्यावर त्यांनी ती पहिल्यांदा करून पाहिली. मग हे काम वाढत गेले. झोप आणायला कधी कधी तासन् तास हात फिरवावे लागत. ते काम एस्डेल यांनी हिंदी मदतनिसांना शिकवले. पहिल्या आठ महिन्यांतील वेदनारहित शस्त्रक्रियांची त्यांनी यादीच प्रसिद्ध केली. तिच्यात ७३ शस्त्रक्रिया आहेत. हत्तीरोगाने झालेल्या प्रचंड गाठी आहेत, एक हात कापल्याची नोंद आहे आणि त्याच्याच खाली एक स्तन काढल्याची.

१८४६ साली बंगाल सरकारने समिती नेमली. समितीपुढे शस्त्रक्रिया झाल्या. काही रुग्ण शांत पडून राहिले. काहींच्या अंगाला हिसके बसले, चेहरे आक्रसले. पण जागे झाल्यावर, काही दुखले नाही, असेच त्यांनी सांगितले. समितीपुढे पेच पडला: शरीरावर विश्वास ठेवायचा की शब्दावर? समितीने सावधपणे पुढील प्रयोगांची शिफारस केली आणि नोव्हेंबर १८४६ मध्ये कलकत्त्यात यासाठी एक छोटे रुग्णालय निघाले.

एस्डेल यांच्या टीकाकारांचे म्हणणे मासलेवाईक होते. डॉक्टरसाहेबांना खूश करण्यासाठी हे देशी लोक सोंग करतात, असे ते म्हणत. साहेबाला खूश करायला माणूस मुकाट्याने कापून घेईल, हे त्यांना पटत होते; त्याला वेदना झाली नसेल, हे पटत नव्हते. पॅरिसची वृद्धा, नॉटिंगहॅमशायरचा मजूर, हुगळीचा कैदी: ज्यांच्या शब्दाला किंमत नव्हती अशा माणसांची ही रांग आहे.

उलट बाजूही पाहायला हवी. एस्डेल स्वतः द्रवावर विश्वास ठेवत. ज्यांना झोप लागत नसे ते रुग्ण त्यांच्या यशाच्या यादीत येत नसत. शंभरांपैकी कितीजणांना ही पद्धत लागू पडते, ती न वापरता काय झाले असते, याचा हिशेब त्या यादीतून निघत नाही.

इथर आले

कलकत्त्याचे रुग्णालय निघाले त्याच्या आदल्याच महिन्यात, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, अमेरिकेत बॉस्टनच्या रुग्णालयात विल्यम मॉर्टन यांनी इथरच्या वाफेने भूल देऊन दाखवली. पुढच्याच वर्षी एडिंबरोत क्लोरोफॉर्मचा वापर सुरू झाला. इथरला तासन् तास हात फिरवणे लागत नव्हते. रुग्णाचा विश्वास असो वा नसो, डॉक्टर कोणीही असो, काही मिनिटांत जवळजवळ प्रत्येक माणूस बेशुद्ध होत होता. मेस्मर-पद्धत मागे पडली हे योग्यच झाले. एस्डेल १८५१ मध्ये भारत सोडून गेले.

दरम्यान मँचेस्टरचे डॉक्टर जेम्स ब्रेड यांनी या पद्धतीतले द्रवाचे खूळ काढून टाकले होते. नोव्हेंबर १८४१ मध्ये एका मेस्मर-पंथीयाचा जाहीर प्रयोग पाहून ते घरी आले आणि स्वतः प्रयोग करू लागले. चकचकीत वस्तूकडे टक लावून पाहायला लावले तरी तीच अवस्था येते, त्यासाठी कोणाच्या हातातून काही वाहावे लागत नाही, हे त्यांना दिसले. १८४३ च्या पुस्तकात त्यांनी या अवस्थेला ग्रीक निद्रादेवतेवरून नाव दिले. मराठीत आपण तिला संमोहन म्हणतो.

नाव निद्रेवरून पडले तरी ही झोप नव्हे. संमोहित माणूस ऐकत असतो, बोलू शकतो. अवधान एका ठिकाणी एकवटलेले आणि सूचना सहज स्वीकारणारे मन, असे या अवस्थेचे वर्णन करता येईल. ती सर्वांना सारखी साधत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नेस्ट हिलगार्ड आणि आंद्रे वाइट्झेनहॉफर यांनी ही संमोहनक्षमता मोजण्याच्या श्रेणी तयार केल्या. काही लोक खूप लवकर संमोहित होतात, काही जवळजवळ होतच नाहीत, बहुतेक मधले असतात. रंगमंचावर जादूगार प्रेक्षकांतून नेमकी पहिल्या प्रकारची माणसे हेरतो. त्याच्यापाशी मोहिनीविद्या नसते. निवड करण्याचे कसब असते.

दुखणे आणि त्रास होणे

स्पंजच्या गुदगुल्या जाणवतात पण सुरीची वेदना त्रास देत नाही, हे कसे शक्य आहे? याचे काही उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाले. कॅनडात माँट्रिआल येथे पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांचा हात दुखेल इतक्या गरम पाण्यात ठेवला होता आणि ते संमोहित होते. एकदा, हे तुम्हाला कमी त्रासदायक वाटेल, अशी सूचना दिली आणि एकदा, जास्त त्रासदायक वाटेल, अशी. पाणी तेच, तापमान तेच. मेंदूच्या प्रतिमा घेतल्यावर दिसले, की संवेदना कुठे आणि किती आहे याची नोंद घेणाऱ्या मेंदूच्या बाह्यकातील भागात विशेष फरक नव्हता. पण भावनांशी निगडित अशा एका भागातील हालचाल त्रासाच्या प्रमाणात कमी-जास्त झाली होती.

म्हणजे वेदनेला किमान दोन अंगे आहेत: दुखणे आणि त्या दुखण्याचा त्रास होणे. दाढ दुखत असताना घरात पाहुणे आले, गप्पा रंगल्या, की दुखणे ‘विसरते’, हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे. भीती याच्या उलट काम करते. सुई टोचण्याआधीच हात मागे घेणारे मूल वेदनेची आगाऊ उचल करत असते.

वजनकाट्यावरची साक्ष

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेला निघालेल्या स्त्रीच्या मनात काय असेल, याची कल्पना करून पाहा. गाठ पसरली असेल का, शरीराचे काय होईल, घरच्यांचे काय होईल. आज भूल आहे, पण ही भीती १८२९ इतकीच खरी आहे. क्लोके यांची रुग्ण जागेपणी थरथरत असे, हा तपशील सगळ्या वादात विसरला गेला होता. आधुनिक डॉक्टरांनी तिथूनच सुरुवात केली.

बॉस्टनमध्ये एल्व्हिरा लँग आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३६ स्त्रियांच्या स्तनातील गाठीचा तुकडा तपासणीसाठी जाड सुईने काढला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले: नेहमीची पद्धत, शेजारी बसून आपुलकीने बोलणारी व्यक्ती, आणि संमोहन. तपासणी चालू असताना पहिल्या गटाची चिंता वाढत गेली, दुसऱ्याची होती तेवढीच राहिली, तिसऱ्याची कमी झाली. वेदना तिन्ही गटांत वाढली, पण आपुलकीच्या आणि संमोहनाच्या गटांत ती कमी वेगाने वाढली.

न्यू यॉर्कमध्ये गाय माँटगोमेरी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००७ साली आला. स्तनातील गाठ काढून घेण्यासाठी आलेल्या २०० स्त्रियांपैकी १०५ जणींना शस्त्रक्रियेआधी १५ मिनिटे संमोहन दिले. शरीर सैल सोडा, आवडत्या शांत जागी आहात अशी कल्पना करा, नंतर दुखणे, मळमळ, थकवा कमी वाटेल, अशा सूचना होत्या. उरलेल्या ९५ जणींशी मानसतज्ज्ञाने तेवढाच वेळ सहानुभूतीने गप्पा मारल्या. ही तुलना महत्त्वाची होती. कोणी तरी लक्ष दिले म्हणून बरे वाटले, ही शंका त्यामुळे कमी होते.

शस्त्रक्रियेनंतर वेदना ० ते १०० या मापावर सांगायची होती. संमोहनाच्या गटाची सरासरी सुमारे २२ आली, दुसऱ्या गटाची सुमारे ४८. मळमळ, थकवा, मनाची अस्वस्थता यांतही मोठा फरक होता. लारे हयात असते तर म्हणाले असते, बायका सांगतात त्यावर काय विश्वास ठेवायचा! त्यांच्यासाठी या अभ्यासात दुसरा पुरावाही होता. शस्त्रक्रिया चालू असताना लागणारे गुंगीचे औषध प्रोपोफॉल आणि जागा बधिर करणारे लिडोकेन, ही दोन्ही संमोहनाच्या गटाला कमी लागली. शस्त्रक्रियेचा वेळही सरासरी दहा मिनिटांहून थोडा अधिक वाचला. औषध मोजता येते, घड्याळ पाहता येते. रुग्णाचे सांगणे आणि मोजमाप एकाच दिशेला बोट दाखवू लागले.

पण गोष्ट इथे संपत नाही. फ्रान्समध्ये १५० स्त्रियांवर झालेला असाच एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. इथेही शस्त्रक्रियेआधी १५ मिनिटे संमोहन होते. मात्र सर्वांना पूर्ण भूल दिली होती. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेत अपेक्षित घट दिसली नाही. सुरुवातीच्या तासांत तर संमोहनाच्या गटाने थोडी जास्तच वेदना सांगितली. थकवा आणि चिंता मात्र त्या गटात कमी होती. फरक कशामुळे पडला असावा? पूर्ण भुलीत रुग्ण बेशुद्धच असतो आणि आजच्या वेदनाशामकांमुळे वेदना मुळातच कमी असते. संमोहनाला करून दाखवायला जागा थोडी उरते. हा एक तर्क आहे, अंतिम उत्तर नव्हे. पण वीस-पंचवीस वर्षांत एवढे झाले, की संमोहनाचा दावा इतर औषधांच्या रांगेत उभा राहिला. तो तपासता येतो आणि चुकीचाही ठरू शकतो.

बेल्जियममधील लिएज येथे मारी-एलिझाबेथ फेमोनव्हिल या भूलतज्ज्ञ १९९२ पासून आणखी एक मार्ग वापरू लागल्या: जागा बधिर करायची, गुंगीचे औषध थोडेसेच द्यायचे आणि जोडीला संमोहन. रुग्ण जागा असतो आणि मनाने आपल्या एखाद्या आवडत्या आठवणीत फिरत असतो. ब्रुसेल्समध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियाही या रीतीने झाल्या आहेत. इथे भूलतज्ज्ञ शेजारीच असतो आणि गरज पडली तर पूर्ण भूल देता येते. एस्डेल यांच्याकडे ही सोय नव्हती.

वर्गात सांगताना

हा विषय मुलांपुढे मांडताना दोन गोष्टी निक्षून सांगाव्यात. पहिली, संमोहनाने कर्करोग बरा होत नाही. गाठ शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार यांनीच जाते, आणि ‘मनाच्या शक्ती’वर विसंबून उपचार लांबवणाऱ्याला त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. संमोहन फक्त ती वाट चालताना होणारा त्रास काही प्रमाणात, काहींचा, कमी करते. दुसरी, हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. वर्गात एकमेकांवर करून पाहण्याचे नाही.

करून पाहण्यासारखे दुसरे काही आहे. मादाम प्लांताँ यांची हकिगत क्लोके यांच्या वृत्तान्तापर्यंतच सांगावी आणि थांबावे. मग विचारावे: तुम्ही अकादमीचे सभासद असता, तर काय विचारले असते? कोणता प्रयोग सुचवला असता? बहुतेक मुले आधी, बाई खरे बोलत होती की खोटे, यावर भांडतील. नंतर एखादी मुलगी म्हणेल, आणखी बायकांवर करून पाहायला हवे. दुसरा कोणी म्हणेल, निम्म्यांना झोप द्यायची नाही. तिसऱ्याला सुचेल की कोणाला काय दिले ते तपासणाऱ्याला कळू नये. तासाभरात वर्ग १७८४ च्या बागेपासून २००७ च्या न्यू यॉर्कपर्यंत पोहोचेल.

आणि एक प्रश्न तास संपताना फळ्यावर ठेवून जावे. शंका घेणे हा विज्ञानाचा धर्म आहे. पण ‘तू खोटे बोलतोस’ आणि ‘चल, आपण तपासून पाहू’ या दोन्ही शंकाच आहेत. लारे पहिल्या शंकेपाशी थांबले. पोटात दुखते म्हणून तासाला डोके खाली घालून बसलेल्या मुलाला आपण यांतली कोणती ऐकवतो, हे आपल्यालाही तपासता येईल.